जिंकण्याचा तास

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे जे सर होते, त्यांची दाढ फक्त इंग्रजी बोलणारा माणूस गावात आला की दुखायची. एरवी ते दातांनी ऊस सोलायचे, फुटाण्यांची पुडी मधल्या सुट्टीत एकट्यानं संपवायचे. पण शिक्षणाधिकाऱ्यांची जीप वडवणीच्या फाट्यावर दिसली असा निरोप आला, की सर खिशातून पांढरा रुमाल काढायचे, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर त्याची गच्च गाठ मारायचे आणि प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. तिथे बरणीत एक जुना साप होता. साहेब जाईपर्यंत सर आणि साप एकमेकांसमोर गप्प बसलेले असत.

हेडमास्तर साहेबांना सांगत, "आमच्या इंग्रजीच्या सरांची दाढ सुजलीय."

"गेल्या वर्षीही दाढच होती ना?"

"ती वरची होती साहेब," मी मध्येच सांगायचे. मी गणित शिकवत असे, त्यामुळे माझ्या बोलण्यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसायचा.

हे साधारण त्या वर्षांतलं, जेव्हा देशाची दारं उघडली असं रोज पेपरात येत होतं. आमच्या गावात त्यातून आलं काय, तर एसटीडीचा पिवळा बूथ, थंड पेयाच्या बाटल्यांचा लाल फ्रीज आणि बीडमध्ये फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या एका क्लासची भिंतीवर रंगवलेली जाहिरात. सर त्या भिंतीसमोरून जाताना छत्री जाहिरातीच्या बाजूला आडवी धरायचे. छत्री बारा महिने त्यांच्या हातात असे. पाऊस, ऊन, काही नसलं तरी.

आता कुणी म्हणेल, इंग्रजी येत नसेल बिचाऱ्यांना. तसं मुळीच नव्हतं. इंग्रजी त्यांना येत होती, आणि अशी येत होती की फळ्यावर लिहिलेलं वाक्य बघून मला गणिताच्या उत्तराचा आनंद व्हायचा. निजामाच्या काळात त्यांचं शिक्षण उर्दूत सुरू झालं. पुढे राज्य बदललं आणि शाळेची भाषाही बदलली. इंग्रजी त्यांनी भावाच्या किराणा दुकानात रद्दीत आलेल्या पुस्तकांवरून, पुड्या बांधता बांधता मिळवली. धड्याला ते शेवटपर्यंत 'सबक' म्हणत. फक्त वर्गाच्या दाराबाहेर त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द निघत नसे. 'थँक यू'सुद्धा नाही. कंडक्टरनं सुटे दिले तर "शुक्रिया".

एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सरळ विचारलं. मी अंबाजोगाईची, माझ्या तोंडाला तसा लगाम नाही.

"सर, भिता कावून एवढं?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बाई, नवीन लागलतो नोकरीला. औरंगाबादला ट्रेनिंगला पाठवलं. लई मोठा हॉल. मला म्हणले, उभं राहा, इंग्लिशमदी बोला. मी एक वाक्य बोललो. एकच. आन् सगळा हॉल हसला."

"काय चुकलं होतं?"

"तेच तर. आजपोतर कुणी सांगितलं न्हाई," सर म्हणाले. "रोज रातच्याला ते वाक्य मनात म्हणून बघतो. मला तर बरोबरच वाटतं."

मला त्या हॉलमधल्या सगळ्यांना ओळीनं बेंचवर उभं करावंसं वाटलं. इतका राग मला पुढे माझ्या नणंदेचाही आला नाही.

पण वर्गातले सर बघायचे तर शनिवारी बघावे. शनिवारचा शेवटचा तास हा त्यांचा 'जिंकण्याचा तास'. त्याचं मूळ नववीच्या पुस्तकातल्या एका वाक्यात होतं: अलेक्झांडर हॅड काँकर्ड मेनी किंगडम्स बिफोर ही डाइड. मरण्याआधी त्यानं पुष्कळ राज्यं जिंकली होती. सरांना हा अलेक्झांडर अजिबात आवडत नसे.

"जिंकलं त्यानं, वाक्य करतंय दुसरंच कुणी," ते म्हणत. "ज्यानं जिंकलं त्यानं सांगावं. आन् ह्यात अवघड काय हाय बे? तुमची आजी म्हणती ना, 'मी बाजारला गेलते, मंग तुझा बाप आला'? गेलते! एका शब्दात! गोऱ्या साहेबाला त्याच्यासाठी दोन शब्द लागतात, हॅड गॉन. आजीला येतंय, तुमाला कावून येऊ न्हाई?"

मग फळ्यावर अर्धं वाक्य लिहायचे: बिफोर द बेल रँग, आय हॅड काँकर्ड... घंटा वाजण्याआधी मी जिंकलं होतं... पुढचं ज्यानं त्यानं आपलं भरायचं. सर पहिला भाग मोठ्यानं म्हणत, सगळा वर्ग एका सुरात तो पुन्हा म्हणे, मग एकजण उभा राहून पुरं करी. नियम एकच होता.

"व्याकरण खोटं चालंल. गोष्ट खोटी चालणार न्हाई."

त्यामुळे मुलं आठवडाभर काहीतरी जिंकत हिंडायची. एका मुलीनं काकाची कुणालाच जवळ येऊ न देणारी म्हैस जिंकली आणि पुराव्याला दुधाचा तांब्या आणला. एकानं विहिरीची भीती जिंकली. एक जाडा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आय हॅड काँकर्ड नाईन भाकरी." सरांनी त्याच्या शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेतली. ज्याचं वाक्य झालं, त्यानं कुणाकडे तरी बोट दाखवून 'नेक्स्ट' म्हणायचं. आणि बोट ज्याच्यावर आलं त्याला सुटका नाही. हा खेळ रुळाचा तुकडा टणटण वाजेपर्यंत चाले. आमची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडाच होता.

एक गोष्ट मी खिडकीतून टिपली होती. त्या तासाला सर खुर्चीत बसत नसत. शेवटच्या बाकामागे, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभे राहत. उभ्या राहिलेल्या पोराचं तोंड फळ्याकडे, बोट फिरायचं ते पुढच्या बाकांवर. कोपऱ्यातल्या माणसापर्यंत ते पोचायचंच नाही. इतक्या वर्षांत कुणी सरांना 'नेक्स्ट' म्हटलं नाही, याचं कारण एवढंच होतं.

आणि मग गावाबाहेरच्या माळावर सूतगिरणी उभी राहिली आणि तिच्यासाठी थेट जपानहून यंत्रं आली. यंत्रांबरोबर ती जोडून द्यायला एक जपानी इंजिनिअर आले, मोरी नावाचे. आता पाहुण्या माणसाला, न्हाणीतल्या मोरीवरून का होईना, पोरं फिदीफिदी हसतील हे चेअरमनसाहेबांना पटेना. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की साहेबांचं नाव मोरे. झालं, त्यांचे मोरेसाहेब झाले. पाटोद्याकडच्या मोऱ्यांनी त्यांना एका लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली.

मोरेसाहेब पन्नाशीचे, बारीक, निळी टोपी, निळा गणवेश, खिशाला ओळीनं पेन. कुणी काही विचारलं की वाकून "हाय" म्हणायचे. जपानीत ते 'हो'च्या जागी म्हणतात. बाजारात चहावाल्यानं विचारावं, "ग्लासात चहा हाय का अजून?" तर हे म्हणणार, "हाय." गावाची खात्री झाली की माणसाला मराठी येतं, मुद्दाम बोलत नाही. गिरणीचा मॅनेजर हैदराबादहून शिकून आलेला, तो असं सुसाट इंग्रजी सोडायचा की मोरेसाहेब टोपी काढून हातात धरत आणि मान खाली घालून उभे राहत. यंत्रांच्या पेट्या उघडल्या, पण काय कसं जोडायचं हे कामगारांना सांगणारं तोंडच बंद होतं.

चेअरमनसाहेबांनी मग शाळेत निरोप धाडला: इंग्रजीच्या सरांना जीपमध्ये घालून आणा.

निरोप आला तो श्रावणातला सोमवार होता, शाळा अर्धी. सरांनी रुमाल काढला, मग बघितलं की निरोप घेऊन आलेला माणूस त्यांचाच जुना विद्यार्थी, त्याला दाढेचं सगळं ठाऊक. रुमाल परत खिशात गेला.

"बाई, मी कपिलधारला चाललो. दर्शनाला," ते म्हणाले आणि छत्री घेऊन मागच्या फाटकानं निघाले. मला तसंही जायचं होतं. एसटीत आम्ही जागा धरली तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर तुरुंगातून सुटल्याचा आनंद होता.

कपिलधारला दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि सर धबधब्याजवळ जाऊन उभे राहिले. त्या श्रावणात पाणी असं कोसळत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात मला वरच्या पायऱ्यांवर चेअरमनसाहेबांची टोपी दिसली. सर मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाहुण्यांना तोवर कपिलधार दाखवायला आणलं होतं. मी हातवारे करून सरांना खुणावलं. त्यांना वाटलं मी तुषार अंगावर घ्यायला सांगतेय. ते आणखी पुढे गेले.

मोरेसाहेब पायऱ्या उतरले ते नेमके त्यांच्या शेजारी. त्यांच्याही हातात काळी छत्री होती. दोघांनी एकमेकांच्या छत्र्यांकडे पाहिलं. मोरेसाहेबांनी पाण्याकडे हात करून काहीतरी म्हटलं. सरांनी आजूबाजूला पाहिलं. पळायला जागा नव्हती, पुढे पाणी आणि मागे चेअरमन. मग मी पाहिलं, सरांचं तोंड उघडलं. मोरेसाहेबांचंही उघडलं. दोघं एकमेकांच्या कानाशी ओरडत होते, हात हलवत होते, मान डोलवत होते. चेअरमनसाहेबांनी दोन चहा मागवले, ते प्यायले, तरी यांचं चालूच.

परतताना चेअरमनसाहेबांच्या जीपमध्ये मी सरांना हळूच विचारलं, "काय बोललात हो एवढं?"

"ठाऊक न्हाई बाई. कायबी ऐकू आलं न्हाई. पण मी लई बोललो."

"आणि ते?"

"तेबी लई बोलले."

"इंग्रजी होतं?"

"माझं होतं," सर म्हणाले.

पुढच्या सीटवरून मोरेसाहेबांनी एक चिठ्ठी मागे दिली. त्यात लिहिलं होतं की इतकं इंग्रजी मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आय हॅड नेव्हर स्पोकन सो मच इंग्लिश. सरांनी ती खालीवर करून वाचली, उजेडाला धरली.

"बाई, एकबी चूक न्हाई," ते म्हणाले. "ह्यालाबी माझ्यासारखंच शिकवलंय कुणीतरी. कागदावर सगळं येतं, आन् तोंड उघडंना."

तिथून त्यांचं जे जमलं ते जमलंच. गिरणीत दोघं कागदावर लिहून बोलत आणि सर ते कामगारांना मराठीत सांगत. यंत्रं जोडली जाऊ लागली. सरांच्या घरी मोरेसाहेब भाकरी आणि ठेचा खायला जात, घामाघूम होत आणि पुन्हा वाढून घेत. त्यांनी सरांना सांगितलं की शाळेत असताना त्यांनीही इंग्रजीची वाक्यं घोकली, पण शिक्षकांनाच कधी इंग्रजी बोलणारा माणूस भेटला नव्हता. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वेगवेगळं येऊन सांगितलं.

एका शनिवारी मोरेसाहेब जिंकण्याच्या तासाला आले आणि मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. सरांचा कोपरा गेला. सर खिडकीजवळ उभे राहिले, पण एका खांबाच्या आड. पाहुण्यासाठी पोरं मुद्दाम मागे वळायची, आणि पहिले काही शनिवार मोरेसाहेबांवर बोट आलं की ते उठायचे, टोपी काढायचे, काही न बोलता वाकून बसायचे. मुलं कोमेजून जायची. मग एकदा ते उठले आणि उभेच राहिले.

"बिफोर द बेल रँग," मोरेसाहेब म्हणाले, "आय हॅड काँकर्ड... ठेचा."

वर्गानं बाकं बडवली. उच्चार त्यांचा वेगळा होता, 'हॅड'चं 'हाद्दो' व्हायचं. पण आमची पोरंही स्कूलला इस्कूल म्हणायची, सरांनी कुणाला कधी टोकलं नाही. "उच्चार ज्याच्या त्याच्या गावाचा असतो," ते म्हणत.

त्याच आठवड्यात मोरेसाहेबांनी सरांना एक मोठी चिठ्ठी लिहून दिली, आणि सर ती घेऊन माझ्याकडे आले. उद्घाटनाला मुंबईहून कंपनीचे वरचे साहेब येणार होते. मोरेसाहेबांनी तिथे इंग्रजीत बोलायचं होतं. मागे एका ठिकाणी ते असेच उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नव्हता. आता पुन्हा तसं झालं तर उरलेलं काम एका तरुण इंजिनिअरकडे जाणार आणि यांना परत बोलावून घेणार. स्वतः जोडलेली यंत्रं फिरताना बघायला ते इथे नसणार.

"आन् बाई, चेअरमन म्हणतेत, तुमी बाजूला उभं राहून मराठी करून सांगा," सर म्हणाले. "मुंबईचे साहेब समोर. समदं गाव समोर. मला जमायचं न्हाई."

"जमेल सर."

"न्हाई बाई. हॉल हसला तर?"

मी म्हटलं, दाढ दुखतेय असं सांगा. मला तेवढंच सुचलं.

उद्घाटनाच्या दिवशी सर खरंच रुमाल बांधून आले. चेअरमनसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण सगळ्यांसमोर काय बोलणार? सरांना मंचावरच्या शेवटच्या खुर्चीवर, मंडपाच्या कापडाला टेकून बसवलं. मंडप गच्च होता. गिरणीत भरती झालेले निम्मे कामगार सरांचे जुने विद्यार्थी. त्यांचे बाप, चुलते, किराणावाले, एसटीचा ड्रायव्हर, एसटीडी बूथवाला, सगळेच कधी ना कधी त्या शनिवारच्या तासाला बसलेले.

आणि मग फेटेवाला आला. आमच्याकडे मंचावर बसलेल्या कुणालाच फेट्याशिवाय सोडत नाहीत, मग तो मंत्री असो की मांडववाला. मुंबईच्या साहेबांना बांधला, मोरेसाहेबांना बांधला आणि तो सरांपाशी आला. रुमालावरून फेटा बसेना. त्यानं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग सरांच्या डोक्यावरची गाठ सोडून रुमाल सरळ स्वतःच्या पिशवीत टाकला आणि गुलाबी फेटा बांधून पुढे निघून गेला. सरांनी गालाला हात लावला. दाढ उघडी पडली होती.

मोरेसाहेबांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले. वाकले. सरळ झाले. आणि काहीच नाही. मंडपात कुजबुज सुरू झाली. मुंबईच्या साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, शेजारच्या तरुण इंजिनिअरच्या कानात काहीतरी सांगितलं. मोरेसाहेबांचा हात फेट्याकडे गेला, टोपी समजून तो काढायला. मी पहिल्या रांगेत पदराचं टोक मुठीत आवळून बसले होते.

तेव्हा शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. माइक नव्हता, गरजही नव्हती. वर्गातला आवाज होता तो.

"बिफोर द बेल रँग!"

आणि मग सगळ्या मंडपानं, फेटे बांधलेल्या, मिशा पिकलेल्या, लेकरं कडेवर घेतलेल्या त्या सगळ्या माणसांनी, विचार न करता, एका सुरात म्हटलं, "बिफोर द बेल रँग!"

मुंबईचे साहेब खुर्चीत दचकले.

मोरेसाहेबांनी मंडपाकडे पाहिलं. त्यांना तो वर्ग वाटला असावा, कारण ते हसले. "आय हॅड काँकर्ड," ते म्हणाले आणि थांबले, खरं काय ते शोधत असल्यासारखे. "आय हॅड काँकर्ड... माय माऊथ."

तोंड जिंकलं होतं त्यांनी. टाळ्यांनी मंडपाचं कापड हललं. त्या टाळ्यांत मोरेसाहेबांचं भाषण सुरू झालं, यंत्रांविषयी, कामगारांविषयी, ठेच्याविषयीसुद्धा, आणि चांगलं लांबलं. तरुण इंजिनिअरच त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. भाषण संपलं तसे मोरेसाहेब मागे वळले. शेवटच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"नेक्स्ट."

सरांनी मागे वळून बघितलं. मागे मंडपाचं कापड होतं. खांब नव्हता, कोपरा नव्हता. बोट आलं की सुटका नाही, हा नियम त्यांचाच होता आणि समोर बसलेल्या सगळ्यांना तो पाठ होता.

सर उठले. माइकपाशी गेले. फेट्याचा शेमला त्यांनी खांद्यावरून मागे सारला.

"बिफोर द बेल रँग," सर म्हणाले. मंडपानं पुन्हा म्हटलं. सर थांबले. "आय हॅड... आय हॅड रन अवे टू कपिलधार."

"काँकर्ड म्हणा की सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कावून म्हणू बे?" सर माइकमध्येच खेकसले. "पळून गेलतो मी! गोष्ट खरी पाहिजे!"

आणि सगळा मंडप हसला. असा हसला की फेटे सुटले, म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले, मोरेसाहेब पोट धरून वाकले. मी मात्र हसले नाही. मी सरांकडे बघत होते. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच. एक वाक्य, आणि हसणारा हॉल.

चेअरमनसाहेबांनी डोळे पुसत माइक घेतला. "सर, आता मराठीत सांगा समद्यांना."

"कळलं, सर!" मंडप एका सुरात ओरडला.

वर्गात हे उत्तर त्यांना रोज मिळायचं, कळो न कळो. त्या दिवशी ते खरं होतं. सर माइकपाशीच उभे राहिले, आणि मग त्यांनी मंडपाकडे पाहून हात जोडले.

कार्यक्रम संपल्यावर यंत्रं सुरू झाली, पेढे वाटले गेले. मोरेसाहेब आपल्या यंत्राच्या फिरत्या चात्यांपाशी उभे होते. काम त्यांच्याकडेच राहिलं. फेटेवाला सरांचा रुमाल परत द्यायला आला, तर सरांनी त्यात पेढे बांधून घेतले. मग ते माझ्याजवळ आले. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी समजुतीचं जुळवत होते.

"बाई, लोक लई हसले," ते म्हणाले.

"हसू द्या हो सर, लोकांचं काय..."

"न्हाई बाई, तसं न्हाई." त्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "ह्या टायमाला कावून हसले, ते कळलं मला."